दुसऱ्या मचव्यातील सोबती

१६ डिसेंबर २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या अमेरिकन दैनिकात दोन पूर्ण पानांची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. जाहिरात होती ‘फायरफॉक्स’ नावाच्या एका सॉफ्टवेअरची. संगणकावर इंटरनेटवरील पाने उघडून वाचण्याचे ते साधन. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती महिन्याभरापूर्वीच, ९ नोव्हेंबरला बाहेर पडली होती. अशा जाहिराती रोज निघतात, त्यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. नवल असे, की या वस्तूला किंमत नव्हती. ती कोणालाही, कितीही वेळा, एक छदामही न देता घेता येत होती. आणि जाहिरातीचा खर्च कोणा कारखानदाराने केला नव्हता. ती वस्तू वापरणाऱ्या सुमारे दहा हजार सामान्य माणसांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढून तो भागविला होता. त्या सर्वांची नावे बारीक अक्षरांत त्या जाहिरातीत छापली होती.

जे विकायचे नाही, त्याची जाहिरात कशासाठी? घेणाऱ्यांची संख्या वाढल्याने ज्यांच्या गल्ल्यात एक पैसाही पडणार नव्हता, त्यांनी पदरमोड करून संख्या वाढविण्याची धडपड का करावी? प्रश्न वरवर संगणकाच्या जगातला दिसतो. परंतु ज्या समाजाला ‘जा आणि सर्वांना सांगा’ अशी आज्ञा दोन हजार वर्षांपूर्वी मिळाली आहे, त्या आपल्या समाजाला तो परका वाटू नये. आपल्यापाशीही एक विकायचे नसलेले धन आहे, आणि ते इतरांपर्यंत नेण्याचा हेतू नेमका कोणता, याविषयी आपल्याही मनात पुष्कळदा गोंधळ असतो.

प्रथम हा प्रकार काय आहे तो थोडक्यात सांगितला पाहिजे. संगणक ज्या आज्ञांनुसार चालतो, त्या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत आधी लिहिल्या जातात. त्यालाच मूळ संहिता म्हणावे. मिठाईवाला मिठाई विकतो, पण कृती सांगत नाही; तसे बहुतेक कंपन्या तयार सॉफ्टवेअर विकतात आणि मूळ संहिता तिजोरीत ठेवतात. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना हे नैतिकदृष्ट्या असह्य वाटले. शेजाऱ्याने मागितले असता देता येऊ नये, बिघडले असता दुरुस्त करता येऊ नये, अशी वस्तू स्वीकारणे म्हणजे शेजारधर्माचा त्याग करणे होय, अशी त्यांची भूमिका. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी सर्वांना मुक्त असेल अशी संपूर्ण संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे १९८९ साली त्यांनी एक परवानापत्र तयार केले. त्याचे मर्म असे, की ही संहिता घ्या, वाचा, बदला, वाटा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तुम्हांला मिळालेली हीच मोकळीक त्यालाही द्या. स्टॉलमन स्वतःला नास्तिक म्हणवतात. तथापि फुकट मिळाले ते फुकट द्यावे हा दंडक कायद्याच्या भाषेत इतक्या काटेकोरपणे क्वचितच कोणी बसविला असेल.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी प्रणाली हौसेखातर लिहीत असल्याचे कळविले आणि इतरांच्या सूचना मागविल्या. तीच पुढे ‘लिनक्स’ झाली. आज जगातील बहुतेक मोठे संगणक आणि आपल्या हातांतील अँड्रॉइड मोबाइल तिच्याच पायावर उभे आहेत. त्याच वर्षी १ मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले होते. त्यात त्यांनी म्हटले होते की आपल्या काळात जमिनीहून वेगळी अशी मालकीची एक नवी जात महत्त्वाची ठरत आहे: ज्ञानाची, तंत्राची आणि कौशल्याची मालकी. श्रीमंत राष्ट्रांची संपत्ती निसर्गसंपत्तीपेक्षा या मालकीवरच अधिक आधारलेली आहे आणि गरिबांना या वर्तुळात प्रवेश मिळत नाही, हे त्यांचे दुखणे होते. फिनलंडमधील त्या विद्यार्थ्याने ते परिपत्रक वाचले असण्याचे काहीच कारण नाही. तरीही सृष्टीतील धन मुळात सर्वांसाठी आहे या ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणुकीला संगणकाच्या क्षेत्रात जर कोठे आकार आला असेल, तर तो येथे आला, असे आम्हांस वाटते. २०११ साली ‘ला चिविल्ता कात्तोलिका’ या येशूसंघीयांच्या नियतकालिकात फादर अंतोनियो स्पादारो यांनी या मंडळींच्या नीतीची ख्रिस्ती दृष्टीशी तुलना करणारा लेख लिहिला होता, तो काही उगाच नव्हे.

दिव्याने दिवा लावला तर पहिल्याचा उजेड उणावत नाही. सॉफ्टवेअरचेही तसेच. लाख प्रती झाल्या तरी मूळ प्रत झिजत नाही. मग दिवा लावून ठेवावा, ज्याला हवा त्याने येऊन आपली वात पेटवून न्यावी. दवंडी पिटण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नावरून त्या चळवळीत १९९८ साली मोठा वाद झाला. नेटस्केप या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता खुली करण्याचे ठरविले होते (फायरफॉक्सचा वंश तेथूनच सुरू होतो), आणि ही संधी साधून व्यापारी जगाला आपल्या बाजूस वळवावे असे काहींना वाटले. अडचण नावाची होती. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन्ही अर्थ होतात. आपल्या मराठीत हा घोटाळा नाही, हे आपले भाग्य. फुकट म्हटले की व्यापारी नाक मुरडतो, आणि मुक्त म्हटले की त्याला त्यात काहीतरी बंडखोर वास येतो. त्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे जमलेल्या काही जणांपैकी क्रिस्टीन पीटरसन या विदुषींनी ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्त-स्रोत, हा शब्द सुचविला. तो रुजला. नीतीची भाषा बाजूला ठेवून गुणवत्तेची भाषा बोलायची, असे त्यामागचे धोरण होते: अनेक डोळे पाहतात म्हणून चुका लवकर सापडतात, काम चांगले होते, पैसा वाचतो.

स्टॉलमन यांनी हे नाव स्वीकारले नाही. माणसे आपल्याकडे येतील, पण कशासाठी यायचे तेच त्यांना कोणी सांगितलेले नसेल, आणि उद्या कोणी याहून सोयीची पण बंदिस्त वस्तू पुढे केली की ती तिकडे जातील, असा त्यांचा आक्षेप होता. आम्हांस हा आक्षेप खरा वाटतो. परंतु संपूर्णपणे नव्हे. नाव सोपे केल्यामुळे असंख्य तरुणांना या कामाचा दरवाजा सापडला, आणि आत आल्यावर त्यांतील काहींना स्वातंत्र्याचा अर्थही उमगला. माणूस योग्य कारणासाठीच आला पाहिजे असा हट्ट प्रभू येशूनेही धरल्याचे दिसत नाही. भाकरीसाठी आलेल्यांना त्याने भाकर दिली, आणि मग भाकरीविषयी बोलला. मात्र तो बोलला, हे विसरता कामा नये. आमच्या समाजाने चालविलेल्या शाळांविषयी आम्ही अनेकदा हाच विचार करतो. पालक येतात ते इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी. त्यात गैर काही नाही. पण दहा वर्षांनी मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याला इंग्रजी आणि शिस्त यांपलीकडे आपण काही दिले काय, हा प्रश्न प्रवेश अर्जांची रांग मोजताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आता त्या जाहिरातीकडे परत येऊ. २००४ साली इंटरनेट पाहण्याच्या साधनांत मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एकाच साधनाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. प्रतिस्पर्धी उरला नसल्याने त्या साधनाची सुधारणा थांबली होती. अनेक संकेतस्थळे दुसऱ्या कोणत्याही साधनातून नीट उघडतही नसत. म्हणजे सर्वांच्या रस्त्यावर एकाच घरमालकाचे फाटक होते. अशा वेळी फायरफॉक्स वापरणारे थोडेच राहिले असते, तर संकेतस्थळ बनविणाऱ्यांनी त्यांची पर्वा केली नसती. संख्या वाढणे हे येथे खरोखरच एक हत्यार होते. त्या दहा हजार माणसांनी वर्गणी दिली ती स्वतःच्या वस्तूचा खप वाढावा म्हणून नव्हे. रस्ता सर्वांचा राहावा म्हणून. आणि ते बऱ्याच अंशी साधले. फायरफॉक्सचा वाटा पुढे सुमारे तीस टक्क्यांपर्यंत गेला, मायक्रोसॉफ्टला आपले साधन सुधारावे लागले. जून २००८ मध्ये चोवीस तासांत ऐंशी लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली.

तो विक्रम मात्र आम्हांस थोडा खटकतो. २००४ ची जाहिरात एका कारणासाठी होती. २००८ चा विक्रम आकड्यासाठी होता. त्याच वर्षी गुगल कंपनीने आपले ‘क्रोम’ हे साधन आणले, तेही फुकट, तेही चपळ, आणि माणसे तिकडे गेली. आज फायरफॉक्सचा वाटा एक आकडी टक्क्यांत आहे, आणि ते बनविणाऱ्या मोझिला या संस्थेचे बहुतांश उत्पन्न त्याच गुगलकडून येते. स्टॉलमन यांचे भाकीत असे खरे ठरावे, यात कोणालाच आनंद नाही.

पण याहून मोठा धडा दुसरीकडे मिळाला. बँकेचे किंवा अन्य कोणतेही संकेतस्थळ उघडताना एक लहानसे कुलूप दिसे, ते वाचकांना आठवत असेल. आपण पाठविलेला मजकूर मधल्या मध्ये कोणी वाचू नये म्हणून तो गुप्त लिपीत घालण्याचे काम त्या कुलपामागे चालते. जगातील असंख्य संकेतस्थळे हे काम ‘ओपनएसएसएल’ नावाच्या एका मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरकडून करून घेत होती. ७ एप्रिल २०१४ रोजी त्यातील एक भयंकर चूक उघडकीस आली. तिला ‘हार्टब्लीड’, म्हणजे हृदयाचा रक्तस्राव, असे नाव पडले. दोन वर्षांहून अधिक काळ त्या भगदाडातून कोणालाही इतरांची गुपिते वाचता येत होती. चौकशी झाली तेव्हा जगाला कळले की ज्या कुलपावर बँकांचे, रुग्णालयांचे, सरकारांचे व्यवहार अवलंबून होते, ते सांभाळण्यासाठी पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता, आणि वर्षाकाठी येणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरांच्या आसपास होत्या.

वापरणारे कोट्यवधी, सांभाळणारा एक. अनेक डोळे पाहतात म्हणून चूक सापडते, असे सांगून ज्यांना बोलावले होते त्यांपैकी पाहत कोणीच नव्हते. प्रत्येकाला वाटत होते की दुसरा पाहत असेल.

वसईच्या वाचकांना येथे बावखले आठवतील. वाडीला पाणी पुरविण्यासाठी पूर्वजांनी खोदलेली ही तळी. पाणी शेंदणारे हात पुष्कळ होते, पण दरवर्षी गाळ उपसण्यासाठीही घराघरांतून माणूस येई म्हणून बावखल जिवंत राही. नळ आला, गाळ उपसणारे थांबले, आणि कितीतरी बावखले बुजली. सॉफ्टवेअर वापराने झिजत नाही हे वर आम्ही म्हटले, ते अर्धेच खरे आहे. संहिता झिजत नाही. तिला सांभाळणारा माणूस झिजतो. दर नव्या वापरणाऱ्याबरोबर एक नवी तक्रार, एक नवी मागणी, एक नवा प्रश्न त्याच्या दारात येतो. केवळ वापरणाऱ्यांची संख्या वाढविणे म्हणजे त्या एका माणसाच्या पाठीवरचे ओझे वाढविणे होय. यालाच वाढ म्हणायचे असेल, तर ती सूजही असू शकते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हीच परिस्थिती वर्णिली आहे. शिष्यांची संख्या वाढत चालली होती, आणि त्या वाढीच्याच दिवसांत कुरकुर सुरू झाली. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होत होते. वाढीचे पहिले फळ उपेक्षा हे होते, ही गोष्ट संत लूक लपवून ठेवत नाही. प्रेषितांनी त्यावर संख्या रोखली नाही, की अधिक जोमाने प्रचार करा असेही सांगितले नाही. त्यांनी समुदायाला एकत्र बोलावून सात सेवक निवडावयास सांगितले. त्यांत पहिले नाव स्तेफनाचे. या सातांची नावे सर्व ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेची माणसे वाटपाच्या कामावर नेमली गेली. ज्याला कमी मिळाले त्याच्याच हाती पळी दिली!

हार्टब्लीडनंतर त्याच एप्रिल महिन्यात लिनक्स फाउंडेशनने मोठमोठ्या कंपन्यांकडून निधी जमविला आणि अशा दुर्लक्षित कामांना मदत सुरू केली. ते योग्यच झाले. तथापि पैशाने प्रश्न सुटला नाही, हे दहा वर्षांनी दिसले. ती हकिकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचा सगळा पीळ तीत आहे.

‘एक्सझेड’ हे माहिती आवळून लहान करण्याचे एक साधे, जवळजवळ अदृश्य सॉफ्टवेअर. लिनक्सच्या बहुतेक सर्व प्रकारांत ते असते. फिनलंडमधील एक गृहस्थ ते वर्षानुवर्षे एकटे, विनामोबदला सांभाळीत होते. २०२१ च्या अखेरीपासून एक अनोळखी मदतनीस लहान लहान दुरुस्त्या पाठवू लागला. काम चोख, भाषा नम्र. २०२२ साली आणखी काही अनोळखी नावांनी तक्रारी येऊ लागल्या: काम फार मंद चालले आहे, नवी आवृत्ती निघत नाही, तुम्हांला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाकडे सोपवा. त्या गृहस्थांनी उत्तर दिले की आपले मनःस्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही, आणि हे आपले बिनपगारी हौसेचे काम आहे, हे ध्यानात घ्यावे. तक्रारी थांबल्या नाहीत. अखेर त्या नम्र मदतनीसाला त्यांनी सहकारी करून घेतले, किल्ल्या दिल्या. त्या तक्रारी करणारी नावे बहुधा त्याच कटातील होती, असे आज मानले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या आवृत्तीत त्या मदतनीसाने एक चोरदरवाजा दडविला. तो जगभर पसरला असता तर लक्षावधी संगणकांची दारे एका अज्ञात हाताला उघडी झाली असती.

ते टळले एका माणसाच्या चौकसपणामुळे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंते वेगळेच काही तपासत होते. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांना खटकले. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, मूळ संहितेपर्यंत पोहोचले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्वांना सावध केले. तो दिवस गुड फ्रायडेचा होता.

या घटनेतून पुष्कळांनी एकच अर्थ काढला: अनोळख्यावर विश्वास टाकू नये. आम्हांस तो पटत नाही. अनोळख्याला आत घ्यायचे नाही असे ठरले, तर समुदायच संपला. आजचा प्रत्येक सोबती काल अनोळखीच होता. येशूच्या बारांतही थैली सांभाळणारा एक निघालाच, पण त्यामुळे शिष्य करण्याचे काम थांबले नाही. दोष विश्वासाचा नव्हता, एकटेपणाचा होता. एका थकलेल्या माणसाने, एकट्याने, दडपणाखाली किल्ली दिली. त्याच्या शेजारी आणखी चार जण असते, तर त्या नव्या सोबत्याला कोणीतरी प्रत्यक्ष भेटले असते, कोणीतरी शंका विचारली असती, आणि मुख्य म्हणजे त्या गृहस्थांना कोणीतरी सांगितले असते, ‘तू दोन महिने विश्रांती घे, आम्ही पाहतो.’ यहूदाची जागा भरताना पेत्राने काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. त्याने एकट्याने माणूस निवडला नाही. सुमारे एकशेवीस जणांच्या मेळाव्यात उभे राहून त्याने कसोटी सांगितली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून सर्व काळ जो आपल्याबरोबर वावरला, असा कोणी हवा. मग दोन नावे पुढे आली, प्रार्थना झाली, आणि मत्थियाची निवड झाली.

हीच कसोटी आधुनिक वेषात ‘डेबियन’ या समुदायाने स्वीकारलेली आढळते. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली आरंभिलेला हा समुदाय कोणत्याही कंपनीचा नाही. १९९७ साली त्यांनी एक सामाजिक करार लिहून काढला: आपले काम सदैव मुक्त राहील, आपण दोष लपविणार नाही, वापरणारा आणि मुक्ततेचे तत्त्व यांना अग्रक्रम देऊ. ज्याला त्यात पूर्ण सदस्य व्हायचे असते, त्याच्यासाठी आधीच्या सदस्याने शब्द टाकावा लागतो. तो तोच आहे याची खात्री जुन्या सदस्यांनी, शक्यतो समोरासमोर भेटून, करून घेतलेली असते. करार मान्य आहे काय हे विचारले जाते. काम तपासले जाते. यात महिने जातात. श्रद्धार्थींना बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घ काळ शिक्षण देण्याची आणि त्यांच्यासाठी जामीन राहणारा धर्मपिता उभा करण्याची ख्रिस्तसभेची प्राचीन रीत आठवावी, असाच हा प्रकार आहे. इतक्या वर्षांनंतरही असे सदस्य सुमारे एक हजारच आहेत. आणि त्यांच्या कामावर ‘उबुंटू’सारख्या कितीतरी प्रणाली, कितीतरी लोक अवलंबून आहेत. अर्थात उंबरठा उंच केला की तोच भिंत होण्याचा धोका असतो. या क्षेत्रात स्त्रियांची संख्या अत्यल्प राहिली, ती केवळ योगायोगाने नव्हे. डेबियनमधील काही जणींना २००४ साली वेगळा गट काढून आपल्या भगिनींसाठी वाट करावी लागली.

तेव्हा वाढ कशासाठी, या प्रश्नाचे आम्हांस सुचणारे उत्तर संत लूकच्याच शुभवर्तमानातील एका प्रसंगात आहे. रात्रभर जाळे टाकून काही न लाभलेल्या पेत्राने प्रभूच्या शब्दावरून पुन्हा जाळे सोडले. मासे इतके आले की जाळी फाटू लागली. तेव्हा त्याने दुसऱ्या मचव्यातील सोबत्यांना खूण केली, की येऊन हात लावा. ही खूण म्हणजे जाहिरात नव्हे काय? पण ती कोणत्या क्षणी झाली ते पाहा. माझा मचवा किती भरला आहे हे दाखविण्यासाठी पेत्राने हात हलविला नाही; जाळे एकट्याला ओढवत नव्हते म्हणून हलविला. उत्तन-अर्नाळ्याच्या कोळी बांधवांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आणि सोबती आले तेव्हा त्यांना केवळ ओढण्याचे कष्ट मिळाले असे नाही. दोन्ही मचवे बुडू लागेपर्यंत भरले.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ब्राझीलमधील आपारेसिदा येथे सांगितले होते की ख्रिस्तसभा आपल्याकडे माणसे ओढून वाढत नाही, तर आकर्षणाने वाढते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ पासून तोच विचार वारंवार मांडला. आपल्या धर्मग्रामांचे वार्षिक अहवाल वाचताना आम्हांस त्याची आठवण होते. कुटुंबे किती, बाप्तिस्मे किती, फेस्ताच्या मिस्साबलीला उपस्थिती किती, मंडप केवढा, हे आकडे असतात. ते असावेत. पण रविवारची धर्मशिकवणी घेणारे गेल्या वर्षी किती होते आणि यंदा किती, त्यांतले नवे किती, आजाऱ्यांना भेटी देणारी दोन माणसे गेली बारा वर्षे तीच दोन आहेत काय, कोणी थकून बाजूला झाले तर त्याला कोणी विचारले काय, हा रकाना आम्ही तरी अजून पाहिलेला नाही. आकडे मोजण्याची हौस दाविद राजाला महाग पडली होती, इतकेच येथे सूचित करतो.

आपली कितीतरी मुले-मुली आज पुण्यामुंबईच्या, बंगळूरच्या, आखाती देशांतल्या कार्यालयांत संगणकावरच उपजीविका करतात. त्यांच्या रोजच्या कामाचा मोठा भाग अशा बिनविक्रीच्या वस्तूंवर उभा असतो. आपणही काही कमी घेत नाही. फायरफॉक्स मराठीत वापरता येते, ते कोणीतरी एकेक शब्द मराठीत आणून ठेवला म्हणून; मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या चमूने ‘मुक्ता’ हा देवनागरी टंक सर्वांना मुक्तपणे दिला आहे, आणि तो वापरणाऱ्या किती जणांना त्याचे नाव तरी ठाऊक असेल? एखाद्या अनुवादातले चुकीचे मराठी वाक्य दुरुस्त करून पाठविणे, नवख्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे, आपल्या कंपनीला विचारणे की आपण जे फुकट वापरतो ते सांभाळणाऱ्याला आपण काय देतो, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे. आणि ज्याला यांतले काहीच जमत नाही, त्याला दोन ओळींचे पत्र तरी लिहिता येते.

ते फिनलंडचे गृहस्थ पुढे काय करीत आहेत, असे कोणी विचारील. २९ मार्चनंतर त्यांनी ती सारी संहिता पुन्हा ओळीन्ओळ तपासली, चोरदरवाजा काढून टाकला, आणि दोन महिन्यांनी, मे २०२४ च्या अखेरीस, एक्सझेडची स्वच्छ आवृत्ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. पूर्वीप्रमाणेच, विनामूल्य.